संयुक्त घराच्या दस्तात प्रत्येकाचा हिस्सा लिहा : नोंदणी महानिरीक्षक आणि कोल्हापूरच्या वकील-दस्तलेखकांना खुले पत्र

प्रति,
मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, महाराष्ट्र राज्य, पुणे,
मा. सह जिल्हा निबंधक, कोल्हापूर,
तसेच कोल्हापूर जिल्ह्यात दस्ताचे काम करणारे सर्व वकील आणि दस्तलेखक यांस,

विषय : विवाह न करता एकत्र राहणाऱ्या व्यक्ती संयुक्त नावे घर घेतात तेव्हा प्रत्येकाचा हिस्सा दस्तात आणि सूची क्रमांक २ मध्ये (नोंदणीनंतर पक्षकाराला मिळणाऱ्या दस्ताच्या गोषवाऱ्यात) नमूद करण्याबाबत.

महोदय, महोदया,

मी कोल्हापुरात दिवाणी वकिली करते आणि माझे निम्मे काम मिळकतीच्या दस्तांचे असते. अलीकडे माझ्याकडे खरेदीसाठी येणाऱ्यांत अशी माणसे वाढू लागली आहेत, जी एकत्र राहतात, एकत्र पैसे साठवतात, एकत्र घर घेऊ पाहतात, पण एकमेकांचे पती-पत्नी नाहीत. यात शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत नोकरी करणारे तरुण आहेत आणि पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांचे काम कळंब्याच्या घरात बसून करणारेही आहेत. काहींचा आधीच्या लग्नाच्या घटस्फोटाचा दावा अजून चालू आहे. जोडीदार गमावल्यावर साठीत एकमेकांचा आधार शोधलेली, पण कुटुंब निवृत्तिवेतन बंद होईल किंवा मुले दुखावतील म्हणून लग्न न केलेली माणसेही येतात. समलिंगी जोडप्यांपुढे तर पर्यायच नाही, कारण त्यांच्या विवाहाला कायद्याची मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. यांपैकी कोणी लग्न का केले नाही, हा या पत्राचा विषय नाही. दोघांनी कष्टाचे पैसे घालून घेतलेल्या घरात कोणाचे किती, हे कागदावर स्पष्ट असावे, एवढाच विषय आहे.

मुळात कायदा अशा खरेदीच्या आड येत नाही, हे आधी नोंदवते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार दोन व्यक्तींना मिळून मिळकत घेण्यासाठी त्यांच्यात काही नाते असावे लागत नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकांनी पाहायचे ते इतकेच की समोरची व्यक्ती तीच आहे ना आणि दस्त करून दिल्याचे ती कबूल करते ना. नोंदणी नाकारायची झाली तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्यावर अपील करता येते. त्यामुळे नोंदणीच्या टेबलावर ‘तुमचे नाते काय?’ असा प्रश्न विचारला जातो, तेव्हा त्याला कायद्याचा आधार नसतो. या प्रश्नाच्या धास्तीने काही जोडपी दस्तात ‘पत्नी’ असे खोटेच लिहून घेतात, आणि दुर्दैवाने काही दस्तलेखक त्यांना तसा सल्लाही देतात. नोंदणी अधिकाऱ्यापुढे जाणूनबुजून खोटे विधान करणे हा कलम ८२ नुसार गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्या ठिकाणी खऱ्याने काहीच अडत नाही, त्या ठिकाणी आपण लोकांना खोट्याकडे ढकलत आहोत.

खरी अडचण आहे ती दस्ताच्या मजकुरात. आपल्याकडच्या खरेदीपत्राचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. लिहून घेणार (म्हणजे खरेदीदार) क्रमांक १, लिहून घेणार क्रमांक २, त्यांची वये, पॅन, पत्ते, मग मिळकतीचे वर्णन, चतुःसीमा, मोबदल्याच्या भरण्याचा तपशील, आणि शेवटी मिळकतीचा उपभोग ‘लिहून घेणार यांनी वंशपरंपरेने मालकी हक्काने घ्यावा’ असे ठरलेले वाक्य. या साऱ्यात क्रमांक १ चा हिस्सा किती आणि क्रमांक २ चा किती, याबद्दल बहुतेक दस्तांत चकार शब्द नसतो. पती-पत्नींच्या दस्तात हे खपून जाते, कारण पुढे वाद झालाच तर वारसा, पोटगी, निवासाचा हक्क असे दुसरे आधार हाताशी असतात. विवाह न केलेल्यांच्या पाठीशी यांपैकी फारसे काही नसते. त्यांच्यासाठी दस्त हाच सगळा आधार असतो आणि नेमका तोच मुका राहतो.

दस्त मुका असेल तर काय होते, ते १८८२ च्या अधिनियमातील कलम ४५ सांगते. खरेदीचा पैसा सामाईक निधीतून गेला असेल, तर त्या निधीत ज्याचा जितका हक्क, तितका त्याचा मिळकतीत हक्क. पैसा वेगवेगळ्या निधींतून गेला असेल, तर ज्याने जितका मोबदला दिला त्या प्रमाणात हक्क. आणि कोणी किती दिले याचा पुरावाच नसेल, तर सर्वांचा हक्क सारखा आहे असे गृहीत धरायचे. कायदा न्याय्य आहे, पण तो पुराव्यावर उभा आहे आणि पुरावा गोळा करण्याची वेळ नेमकी सर्वांत वाईट काळात येते.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचे प्रकरण ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते. चाळीस लाखांचा फ्लॅट दोघांच्या नावे घेतला. सुरुवातीचे दहा लाख बाईंनी आपल्या बचतीतून धनादेशाने भरले. उरलेल्या तीस लाखांचे कर्ज दोघांच्या नावे होते, मात्र हप्ता कापला जाई तो तिच्या जोडीदाराच्या खात्यातून. ती दर महिन्याला आपल्या वाट्याची रक्कम त्याच्या खात्यावर वर्ग करी. पुढे तो अचानक गेला. मृत्युपत्र नव्हते. त्याची आई वारस म्हणून पुढे आली आणि तिच्या वकिलांनी अर्ध्या घरावर हक्क सांगितला. बाई आपले बँकेचे उतारे घेऊन माझ्यासमोर बसल्या होत्या. काही महिन्यांच्या नोंदीपुढे ‘हप्ता’ असे लिहिलेले होते, काहींपुढे ‘घरखर्च’, आणि कित्येक नोंदींपुढे काहीच नव्हते. ज्या नोंदींपुढे ‘घरखर्च’ होते, ती रक्कम किराण्याची आणि विजेच्या बिलाची, घराच्या किमतीची नव्हे, असे समोरून म्हटले गेले. पैसे पाठवताना मोबाइलवर सहज टाकलेल्या एका शब्दावर तिच्या घराचा हिस्सा कमी-जास्त होणार होता. त्या आईला मी दोष देणार नाही. तिचा मुलगा गेला होता आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ ने तिला पहिल्या वर्गाची वारस ठरवलेले आहे. दस्तात दोन ओळी जास्त असत्या, तर या दोन दुःखी बायकांना एकमेकींविरुद्ध न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या नसत्या.

अशा वेळी लोकांचा जो ठाम समज दिसून येतो, त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. दोघांची नावे लागली म्हणजे एकाच्या माघारी घर आपोआप दुसऱ्याचे, असे बहुतेकांना वाटते. बँकेच्या ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ प्रकारच्या खात्यावरून हा समज आला असावा. मिळकतीला तो लागू नाही. दस्तात तसे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर आपल्याकडे सहमालकाचा हिस्सा त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांकडे जातो, आणि विवाह न केलेला जोडीदार वारसांच्या कोणत्याही वर्गात बसत नाही. हिंदू पुरुषाचा हिस्सा मुले, आई यांच्याकडे आणि त्याचे आधीचे लग्न कायद्याने अजून टिकून असेल तर त्या पत्नीकडे जाईल. मूलबाळ नसलेल्या अविवाहित हिंदू स्त्रीचा हिस्सा तिच्या आई-वडिलांकडे जाईल. आणि विधवा स्त्रीला मूलबाळ नसेल, तर तिने स्वतः कमावलेल्या पैशातून घेतलेला हिस्सासुद्धा हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १५ नुसार आधी दिवंगत पतीच्या वारसांकडे जातो, तिच्या आई-वडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. आयुष्याच्या उत्तरार्धात ज्याच्याबरोबर घर घेतले तो माणूस तसाच राहतो आणि कदाचित वर्षानुवर्षे बोलणे नसलेला दीर-पुतण्या सहमालक होतो. साठीच्या वयात एकत्र आलेल्या कोणालाही मी हे सांगते तेव्हा ती माणसे आधी विश्वासच ठेवत नाहीत.

यावर उपाय मृत्युपत्राचा आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे ते लेखी असावे, करणाऱ्याने सही करावी आणि दोन साक्षीदारांनी साक्ष घालावी. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घेतलेली बरी. मुस्लिम व्यक्तीला मात्र वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही, त्यामुळे तिथे खरेदीच्या वेळीच हिस्सा विचारपूर्वक ठरवणे अधिक गरजेचे ठरते. पण मृत्युपत्रालाही आधी हिस्सा माहीत असावा लागतो. ‘माझा जो काही हिस्सा असेल तो’ असे लिहिलेले मृत्युपत्र पुन्हा त्याच पुराव्याच्या वादात अडकते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ आहे ना, असे कोणी म्हणेल. त्या कायद्याने विवाहासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, ही मोठीच गोष्ट आहे. पण तो राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. शिवाय ‘विवाहासारखे’ नाते कशाला म्हणायचे याच्या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या वेलुसामी खटल्यात घालून दिल्या, त्यांत दोघेही विवाहास पात्र असण्याची अट आहे. जोडीदार आधीच विवाहित आहे हे माहीत असताना सुरू झालेले नाते २०१३ च्या इंद्रा सरमा खटल्यात या संरक्षणाबाहेर राहिले. पुरुषांना आणि समलिंगी जोडप्यातील पुरुषांना तर हा कायदा लागूच नाही.

दुसरा धोका बँकेच्या दारात तयार होतो. घराचा प्रत्येक मालक कर्जात सहअर्जदार असला पाहिजे आणि सहअर्जदार जवळचा नातेवाईक असला पाहिजे, असे दोन नियम अनेक बँका एकदम लावतात. दोन्ही नियम जोडले की त्याचा अर्थ इतकाच उरतो की दोघांपैकी एकाचे नाव दस्तातून गळाले पाहिजे. मग घर एकाच्या नावे होते आणि पैसे दोघांचे जात राहतात. बेनामी मालमत्ता व्यवहार प्रतिबंध अधिनियम, १९८८ यात पत्नी, पती, मुले यांच्या नावे घेतलेल्या मिळकतीला, आणि दस्तात संयुक्त मालक म्हणून नाव असेल तर भाऊ, बहीण, आई-वडील यांनाही सूट आहे. विवाह न केलेल्या जोडीदाराला ती नाही. म्हणजे ज्याने पैसे घातले पण ज्याचे नाव नाही, तो उद्या ‘खरा मालक मीही आहे’ असे म्हणायला गेला, तर त्याचा दावा ऐकला जाणे तर दूरच, उलट बेनामी व्यवहाराचा आरोप त्याच्यावर येऊ शकतो. नाव गाळून घर घेण्यापेक्षा दुसरी बँक शोधा, असा सल्ला मी प्रत्येकाला देते. वकील बंधू-भगिनींनीही तो ठामपणे द्यावा.

पटले नाही आणि वेगळे व्हायची वेळ आली तर काय, हा प्रश्न खरेदीच्या आनंदात कोणी विचारत नाही. तो विचारणे वकिलाचे काम आहे. फ्लॅटचे भौतिक वाटप होत नाही. वाटणी अधिनियम, १८९३ प्रमाणे वाटप व्यवहार्य नसेल, तर निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा असणाऱ्यांच्या मागणीवरून न्यायालय विक्रीचा हुकूम करू शकते, आणि मग दुसऱ्या हिस्सेदाराला न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा विकत घेण्याची संधी मिळते. म्हणजे तुमचा हिस्सा पन्नास टक्के आहे की पस्तीस, यावर विक्री मागण्याचा अधिकारच अवलंबून आहे. वाद न्यायालयात न नेता एकाने दुसऱ्याच्या लाभात हक्कसोडपत्र करून द्यायचे ठरवले, तरी पती-पत्नी किंवा रक्ताच्या नात्यातील बक्षीसपत्राला मिळणारी मुद्रांकाची सवलत इथे नाही. त्या हिस्स्याच्या बाजारभावावर खरेदीपत्राइतकेच मुद्रांक शुल्क बसते. विनामोबदला दिले तर आयकर कायद्याच्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत जोडीदार नसल्याने ५०,००० रुपयांवरील भेट घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. हे बदलावे की नाही, तो विधिमंडळाचा आणि संसदेचा विषय आहे. या पत्रात मी सवलत मागत नाही.

जे मागते आहे, ते आपल्या अधिकारातले आहे. दस्त नोंदवल्यावर पक्षकाराच्या हाती येणारी सूची क्रमांक २ आपण पाहिलीच आहे. तिच्यात चौदा रकाने आहेत : विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, भूमापन व घरक्रमांक, क्षेत्रफळ, आकारणी, करून देणाऱ्याचे नाव, करून घेणाऱ्याचे नाव, दिनांक, शुल्क, शेवटी शेरा. लिहून घेणारे दोन, तीन किंवा पाच असोत, त्यांच्या हिस्स्यासाठी एकही रकाना नाही. शेतजमिनीच्या सातबारावर खातेदाराच्या नावापुढे क्षेत्र लिहिण्याची पद्धत आपल्याकडे आहे, भावाभावांच्या आणेवारीवरून, म्हणजे हिश्श्याच्या प्रमाणावरून, कोल्हापूर जिल्ह्यात किती दावे उभे राहिले आणि किती मिटले हे प्रत्येक तलाठ्याला ठाऊक आहे. चाळीस-पन्नास लाखांच्या फ्लॅटला मात्र आपण तेवढीही काळजी घेत नाही. सूची क्रमांक २ मध्ये कोणता तपशील असावा हे ठरवण्याचा अधिकार नोंदणी अधिनियमाच्या कलम ५५ ने थेट नोंदणी महानिरीक्षकांना दिलेला आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. लिहून घेणार एकापेक्षा जास्त असतील, तर प्रत्येकाच्या नावापुढे हिस्सा विचारला जावा, आणि ‘पक्षकारांनी हिस्सा ठरवलेला नाही’ असाही पर्याय त्यात असावा, म्हणजे कोणावर सक्ती होणार नाही पण प्रश्न प्रत्येकासमोर एकदा तरी येईल. याचा उपयोग केवळ विवाह न केलेल्यांना होईल असे नाही. आपल्याकडे लग्नाने पत्नी पतीच्या घराची आपोआप मालक होत नाही, त्यामुळे पती-पत्नींना, एकत्र फ्लॅट घेणाऱ्या बहिणींना, मित्रांनाही तो होईल. आयकरातसुद्धा सहमालकांनी कर्जाच्या व्याजाची वजावट आपापल्या नावे घ्यायची तर हिस्से निश्चित असलेले बरे पडतात.

वकील आणि दस्तलेखक बंधू-भगिनींना माझी विनंती अधिक थेट आहे. साच्यातील दस्तात नावे बदलून काम संपवू नका. मी माझ्या दस्तांत आता असे लिहिते : ‘सदर मिळकतीत लिहून घेणार क्र. १ यांचा शेकडा ६० टक्के व लिहून घेणार क्र. २ यांचा शेकडा ४० टक्के अविभक्त हिस्सा राहील. मोबदल्यापैकी कोणी किती व कोणत्या खात्यातून भरला याचा तपशील परिशिष्टात दिला असून, यापुढील कर्जफेड कोणाच्याही खात्यातून झाली तरी त्यामुळे उपरोक्त हिस्स्यात फरक पडणार नाही.’ शेवटचे वाक्य दोघांना समजावून सांगावे लागते आणि त्यावर कधी कधी तासभर चर्चा होते. ती चर्चा होऊ द्यावी. ज्यांना हप्त्यानुसार हिस्सा बदलता ठेवायचा असेल, त्यांना त्याचा हिशेब कसा ठेवायचा हेही तिथेच लिहून द्यावे. एकाला घर सोडायचे झाले तर दुसऱ्याला आधी विचारले जाईल, किंमत मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून ठरेल आणि पैसे अमुक मुदतीत दिले जातील, हे कलमही त्याच दस्तात घालता येते. कित्येक जोडपी पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीसमोर केलेला ‘समजुतीचा करार’ घेऊन येतात. स्थावर मिळकतीतील हक्क निर्माण करणारा किंवा बदलणारा कागद नोंदणीकृत नसेल, तर नोंदणी अधिनियमाच्या कलम ४९ प्रमाणे तो त्या हक्काचा पुरावा म्हणून चालत नाही, हे त्यांना कोणीच सांगितलेले नसते. नोटरीचे पैसेही जातात आणि भरवसाही फसवा ठरतो.

घर सहकारी गृहनिर्माण संस्थेत असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ च्या सुधारणेनंतर सहयोगी सदस्य होण्यासाठी ठरावीक नात्यांची यादी आहे आणि विवाह न केलेला जोडीदार तिच्यात नाही. मात्र दस्तात ज्याचे नाव आहे, त्याला संयुक्त सदस्य म्हणून अर्ज करता येतो. संस्थेच्या सचिवाने ‘नाते नाही’ म्हणून अर्ज परत केला, तर तो चुकीच्या कलमावर बोट ठेवतो आहे हे वकिलाने लेखी कळवावे. नामनिर्देशनपत्र भरावे, पण नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे, हेही सांगावे.

हे सगळे मी कोल्हापुरातून लिहिते आहे, याला एक कारण आहे. या संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाच्या नोंदणीचा आणि १९१९ मध्ये आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांच्या मान्यतेचा कायदा केला. समाज ज्या नात्यांकडे तिरक्या नजरेने पाहत होता, त्या नात्यांतील माणसांचे हक्क सरकारी दप्तरात नोंदले जावेत, अशी व्यवस्था त्यांनी शंभर वर्षांपूर्वी केली. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही आपल्या शहरात बसते आहे. तरी वाटणीचा दावा खालच्या न्यायालयात सुरू होऊन अपिलांतून वर जाईपर्यंत माणसाची उमेद संपते, हे दिवाणी वकील म्हणून आपण सगळेच पाहतो.

संगणक प्रणालीत नवा रकाना घालायला वेळ लागेल, याची मला कल्पना आहे. तोपर्यंत सह जिल्हा निबंधकांनी करवीर तालुक्यासह जिल्ह्यातील सर्व दुय्यम निबंधक कार्यालयांना सूचना द्यावी, की दस्तात हिस्सा लिहिलेला असल्यास तो सूची क्रमांक २ च्या चौदाव्या, म्हणजे ‘शेरा’ या रकान्यात उतरवून घ्यावा, आणि लिहून घेणाऱ्यांना परस्परांतील नाते विचारू नये. हिस्सा, कर्जफेड, विभक्त होण्याची तजवीज आणि मृत्युपत्र यांचे मी वापरत असलेले मसुदे सह जिल्हा निबंधक कार्यालयाला आणि जिल्हा बार असोसिएशनला स्वतंत्रपणे देत आहे. त्यांत ज्या त्रुटी दिसतील त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दुरुस्त कराव्यात आणि कोणालाही ते विनाशुल्क वापरता यावेत.

कळावे,

आपली विश्वासू,
दिवाणी न्यायालयात वकिली करणारी एक नागरिक,
कोल्हापूर